रान हिरवंगार, शेंग पोचट: उन्हाचा तडाखा तेलबियांना नेमका कुठं बसतो?

मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, कडेगाव पट्ट्यात उन्हाळी भुईमूग काढायला आला की एक तक्रार हमखास कानावर येते. पाला गुडघ्याला लागतोय, रान हिरवंगार आहे, पण झाड उपटलं तर खाली शेंगाच नाहीत. जिथं पंचवीस-तीस शेंगा धरायच्या तिथं दहा-बारा, आणि बोटांनी दाबून बघितलं की त्यातल्याही दोन-तीन पोचट निघतात. बांधापलीकडं तेच वाण, तीच खतं, तेच विहिरीचं पाणी असून उतारा दीडपट. मग आधी बियाण्यावर संशय जातो, मग खतावर, मग दुकानदारावर. दोन रानांतला फरक पुष्कळदा एवढाच असतो की एकाची पेर जानेवारीच्या मध्याला झाली, आणि दुसऱ्याचा ऊस तुटून जायलाच फेब्रुवारी संपत आला, म्हणून त्याची पेर लांबली.

या पाच-सहा आठवड्यांच्या फरकात उष्णता पिकाचं काय करते, ते समजून घेण्यासारखं आहे. करपलेलं पान सगळ्यांना दिसतं, माना टाकलेलं झाड दिसतं. तेलबियांचं मोठं नुकसान मात्र पान हिरवं असतानाच होऊन गेलेलं असतं, तेही मोजक्या दिवसांत आणि दिवसाच्या मोजक्या तासांत. ते तास कुठले, हे कळलं तर त्यातले बरेचसे चुकवता येतात.

तेल बनवणं झाडाला महाग पडतं

पान उन्हात साखर बनवतं आणि झाडाचा सगळा संसार त्या साखरेवर चालतो. ज्वारीच्या दाण्यात ही साखर स्टार्चच्या रूपात साठते. एक ग्रॅम साखरेतून साधारण ०.८ ग्रॅम स्टार्च तयार होतो. तेवढ्याच साखरेतून तेल मात्र जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम मिळतं, कारण तेलात ऊर्जा ठासून भरलेली असते आणि ती आणायची त्या साखरेतूनच. भुईमुगाच्या दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं, सूर्यफुलात ४० टक्क्यांच्या आसपास, करडईत ३० टक्क्यांच्या आसपास. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच, पण जोडीला ४० टक्क्यांच्या घरात प्रथिनं असतात, आणि प्रथिनंही झाडाला महागच पडतात. त्यामुळं साखरेची आवक थोडी जरी घटली तरी या पिकांच्या दाण्याला ती लगेच जाणवते.

आणि ऊन नेमकी हीच आवक घटवतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचं काम रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं. तापमान चढलं की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन जास्त वेळा पकडतं, आणि ते निस्तरायला झाडाला बनवलेली साखर खर्ची घालावी लागते. शिवाय रुबिस्कोला कामाला लावणारं दुसरं एक एन्झाइम असतं, ते तर उष्णतेत फारच लवकर ढेपाळतं. ऊस, ज्वारी, बाजरी, मका या पिकांनी यावर तोड काढली आहे. ती पानाच्या आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड दाटून ठेवतात, म्हणून रुबिस्कोला चुकायची संधी कमी मिळते. भुईमूग, सोयाबीन, करडई, सूर्यफूल, तीळ यांच्याकडं ही सोय नाही. एकाच शिवारात, एकाच उन्हात ऊस तरारून उभा दिसतो आणि शेजारच्या भुईमुगाला शेंग धरत नाही, त्याचं एक कारण हे.

पहाटेचं फूल

मार्चमध्ये दिवस उगवायच्या सुमाराला भुईमुगाच्या रानात जाऊन खाली बसून बघा. पानांच्या बगलेत पिवळं-केशरी फूल नुकतं उमललेलं असतं. फुलाखाली दोन-तीन इंचांची बारीक दांडी दिसते. ती दांडी म्हणजे खरं तर एक पोकळ नळी आहे, आणि बीजांडकोश तिच्या पार तळाशी, पानाच्या बगलेत दडलेला असतो. फूल उमलायच्या वेळीच परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडलेले असतात. तिथून परागनलिकेनं ती अख्खी नळी उतरून तळाशी पोचायचं, म्हणजे फलधारणा होणार. हे सगळं सकाळच्या काही तासांत उरकतं. दुपारपर्यंत ते फूल मलूल होऊन लोंबायला लागतं.

म्हणून दुपारच्या ४० अंशांपेक्षा भुईमुगाला सकाळचं तापमान जास्त नडतं. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या अखेरीस या पिकावर नियंत्रित तापमानाचे बरेच प्रयोग झाले. दिवसाचं तापमान ३४ अंशांच्या पुढं गेलं की जिवंत परागांचं प्रमाण घटतं आणि आऱ्या (फलधारणेनंतर जमिनीत शिरणारे दांडे, ज्यांच्या टोकाला शेंग धरते) धरणाऱ्या फुलांची संख्या उतरत जाते, असं त्यांत दिसलं. दिवसाच्या पहिल्या सहा तासांतली उष्णता सर्वांत घातक ठरते, हेही त्यांतूनच कळलं.

फूल उमलायच्या आधीचे तीन ते पाच दिवस तितकेच नाजूक असतात. त्या दिवसांत कळीच्या आत पराग घडत असतात. तेव्हा रान तापलं तर पराग सुरकुतलेले, पोकळ बनतात. फूल नेहमीसारखंच उमलतं, रंगही तोच, आणि बघणाऱ्याला काहीच बिनसल्यासारखं वाटत नाही. चार दिवसांपूर्वीच्या उन्हाचा हिशेब आजच्या फुलात चुकता होतो. उन्हाची लाट ओसरल्यावर पीक सुधारल्यासारखं दिसतं, तरी काही दिवस आऱ्या कमीच सुटतात, त्याचा उलगडा इथं आहे.

चांगल्या हवेतसुद्धा भुईमुगाच्या शंभर फुलांतून भरलेल्या शेंगा पंधरा-वीसच मिळतात. झाड फुलं उधळतं, कारण त्यातली बहुतेक वाया जाणार हे ठरलेलंच असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या फुलांपासूनच बहुतेक पक्व शेंगा मिळतात. उशिरा आलेल्या फुलांच्या शेंगांना भरायला वेळच उरत नाही. उन्हानं नेमकं त्याच आठवड्यांत गाठलं, की पुढं कितीही फुलं आली तरी ती तूट पुरती भरून निघत नाही.

आता पेरणीच्या तारखा यावर लावून बघा. १५ जानेवारीला पेरलेला भुईमूग थंडीमुळं सावकाश वाढतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी फुलावर येतो. त्याची कामाची फुलं मार्चच्या मध्यापर्यंत होऊन जातात. २५ फेब्रुवारीला पेरलेला एप्रिल तोंडावर असताना फुलतो. तोवर सांगली-मिरजेत पारा ३७-३८ ला टेकलेला असतो आणि सकाळी दहा वाजताच चटका बसायला लागतो. आपल्याकडं उन्हाळी भुईमुगाची पेर साधारण १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारीत उरकायला सांगतात, ती यासाठी. त्याहून आधीही घाई चालत नाही. रात्रीचं तापमान १८ अंशांच्या खाली असेल तर बी नीट उगवत नाही, नांग्या पडतात. ज्यांना लवकर पेरायचंच आहे त्यांच्यासाठी पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून पेरायची पद्धत आहे. ते जानेवारीच्या थंडीत माती उबदार ठेवतं, आणि आऱ्या ते पातळ प्लास्टिक फोडून खाली जाऊ शकतात.

उसाच्या तोडीची तारीख आपल्या हातात नसते, हे कबूल. पण तोड फेब्रुवारीच्या अखेरीला मिळणार असं दिसत असेल, तर त्या रानात त्या वर्षी भुईमूग करायचाच का, हा विचार पेरणीआधी झालेला बरा. भर एप्रिलच्या उन्हात फुलणाऱ्या भुईमुगाला खतं आणि टॉनिकं ओतून सावरता येत नाही. दुकानात त्या नावाखाली जे काही विकलं जातं, त्यावर लहान शेतकऱ्याचा पैसा जाताना बघून जीव तुटतो.

आरी, माती आणि चुना

फलधारणा झाल्यावर पाच-सात दिवसांत आरी दिसायला लागते आणि जमिनीकडं वळते. ती जमिनीत शिरली, अंधार आणि ओल मिळाली, की तिच्या टोकाला शेंग धरते. भुईमूग हे फुलतं वर आणि फळतं खाली असं पीक, त्यामुळं त्याला हवेची उष्णता वेगळी सोसावी लागते आणि मातीची वेगळी.

एप्रिलच्या दुपारी उघड्या काळ्या रानाचा वरचा थर हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. वरचे दोन इंच वाळून कडक झाले असतील तर आरीचं टोक आत घुसत नाही, वरच्या वर वाळून जातं. घुसलीच तर पुढची अडचण अशी की शेंगेच्या थरातली माती ३३-३४ अंशांच्या पुढं गेली की शेंगांची संख्याही घटते आणि वजनही.

त्यातच कॅल्शियमची मेख आहे. बाकीची अन्नद्रव्यं मुळांकडून देठामार्गे पोचतात, पण जमिनीतल्या शेंगेला कॅल्शियम मुळांकडून फारसं मिळत नाही. ते तिला स्वतःच्या टरफलातून, भोवतालच्या ओल्या मातीतून शोषून घ्यावं लागतं. वरचा थर कोरडा पडला की मातीत कॅल्शियम भरपूर असूनही शेंग उपाशी राहते. टरफल नीट पोसतं आणि आत दाणा नसतो. हीच ती पोचट शेंग. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज, देतात ते यासाठी. हेक्टरी ४०० किलो, निम्मं पेरताना आणि निम्मं आऱ्या सुटताना, झाडाच्या बुडाशी. पण जिप्सम टाकून पाणी लांबवलं तर ते नुसतं पडून राहतं.

या अवस्थेत, म्हणजे पेरणीनंतरच्या चाळीस दिवसांपासून पुढं, हलकं आणि लवकर-लवकर पाणी देणं हा सगळ्यात मोलाचा उपाय आहे. मुळं खोल जातात, त्यामुळं पंधरा दिवसांनी दिलेल्या भरपूर पाण्यावर झाड हिरवं राहतं. शेंगेच्या वरच्या थराला मात्र तेच पाणी विभागून आठ-आठ दिवसांनी मिळायला हवं, आणि एप्रिलमध्ये त्याहूनही लवकर. तुषार सिंचन असेल तर फारच उत्तम, कारण माती आणि झाड दोन्ही गार होतात. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळं ज्या रानांत पूर्वी उन्हाळी पिकाचा विचारही होत नव्हता तिथं आज भुईमूग होतो, पण कालव्याचं आवर्तन भुईमुगाच्या आऱ्या बघून येत नाही. दोन आवर्तनांमधल्या दिवसांसाठी विहीर किंवा शेततळ्याचं थोडं पाणी राखून ठेवणं, आणि ते याच तीन-चार आठवड्यांत वापरणं, यावर उन्हाळी भुईमूग तरतो किंवा जातो. रिकामा ड्रम पिकावरून फिरवायची जुनी पद्धतही याच काळातली. आऱ्या मातीला टेकाव्यात म्हणून ती करतात, आणि वाफशावर, म्हणजे माती चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी असताना, केली तरच उपयोगी पडते. आऱ्या जमिनीत शिरल्यावर खुरपं आणि कोळपं बंद ठेवायचं, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

दोन ओळींत उसाचं पाचट विरळ पसरलं तर माती बरीच कमी तापते. या भागात पाचटाला तोटा नाही. फक्त थर जाड झाला तर आऱ्या पाचटातच अडकतात, तेवढं सांभाळायचं.

पारा ३२ वर असतानाही पीक तापतं

सोयाबीनवाले म्हणतील, आमचं पीक तर खरिपातलं, आम्हाला उन्हाळ्याचं काय? पण ऑगस्ट २०२३ आठवून बघा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. जूनअखेर-जुलैत पेरलेलं सोयाबीन तेव्हा फुलात आणि कोवळ्या शेंगेत होतं. अशा उघडिपीत पारा काही ४० ला जात नाही, ३१-३२ वरच घुटमळतो. तरी पिकाला ताप येतो, आणि तो हवेतून आलेला नसतो.

माठ पाझरतो तोवर आतलं पाणी गार राहतं, तसंच पानाचं असतं. पानाच्या खालच्या अंगाला असंख्य बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गार राहू शकतं. मातीतली ओल सरली की झाड पाणी वाचवायला ही छिद्रं मिटून घेतं. तेवढ्यासाठी दोन किमती मोजाव्या लागतात. कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, म्हणजे साखर बंद. आणि पान तापतं, हवेपेक्षाही जास्त. हवामान केंद्रावर ३२ ची नोंद असेल आणि रानातलं पान त्याहून कितीतरी गरम असेल. म्हणून पाण्याचा ताण आणि उष्णतेचा ताण हे कागदावर वेगळे असले तरी कोरडवाहू रानात ते जोडीनंच येतात. खटाव, माण, जतच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी सोयाबीन आधी फुलं गाळतं, मग कोवळ्या शेंगा. ज्या शेंगा राहतात त्यांत तीन दाण्यांऐवजी दोन किंवा एक, आणि तोही बारीक. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तापलेल्या, सुकलेल्या मातीत नत्र बांधायचं काम कमी करतात, त्यामुळं प्रथिनांनाही फटका बसतो. एक संरक्षित पाणी देता आलं तर ते शेंगा भरताना द्यावं. ते शक्य नसेल तर १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची एक टक्क्याची फवारणी, दहा लिटरला १०० ग्रॅम, थोडा आधार देते. पालाश, म्हणजे पोटॅशियम, छिद्रांची उघडझाप नीट चालू ठेवायला मदत करतो. पाण्याची जागा मात्र कुठलीच फवारणी घेत नाही. रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या सोयाबीनला सरीत मुरलेल्या पाण्यावर आणखी काही दिवस काढता येतात, आणि उघडीप दहा-बारा दिवसांचीच असेल तर तेवढंच पुरतं. आडसाली उसात आंतरपीक म्हणून घेतलेल्या सोयाबीनला उसाच्या पाण्याचा फायदा आपोआप मिळतो.

रात्री काय घडतं

दिवसाच्या उन्हावर सगळे बोलतात, रात्रीच्या उकाड्यावर फारसं कुणी बोलत नाही. माणसासारखं झाडही रात्रंदिवस श्वसन करतं आणि त्यात साखर जळते. तापमान दहा अंशांनी वाढलं तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. रात्री साखर बनत नाही, फक्त खर्च होते. त्यामुळं रात्र १८ अंशांची असण्यात आणि २५ अंशांची असण्यात दाण्याच्या दृष्टीनं मोठा फरक पडतो. माळरानावर रात्र लवकर गार होते, तेवढा माणदेशाला दिलासा आहे. नदीकाठच्या दमट, उसानं वेढलेल्या रानात रात्र गरम राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. उष्णतेत झाडाचं घड्याळ जोरात पळतं. फुलापासून पक्वतेपर्यंतचे दिवस कमी होतात, दाणा भरायची मुदत आटते. रोजची आवक कमी आणि त्यातून दिवसही कमी, म्हणून दाणा बारीक राहतो. बाजारात त्याला भाव कमी, आणि शेंगा फोडल्यावर टरफलाच्या मानानं दाण्याचं प्रमाणही कमी.

तेलाची प्रतही बदलते

इथं गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, आणि मला स्वतःला ती फार विलक्षण वाटते. ऊन जास्त झालं की दाण्यातलं तेल घटतं, हे ढोबळमानानं बरोबर आहे. सोयाबीनमध्ये दाणे भरताना तापमान मध्यम असेल तोवर ते वाढण्याबरोबर तेलही थोडं वाढतं, पण सरासरी २८ अंशांच्या पुढं ते उतरायला लागतं. घाण्यावर किंवा मिलमध्ये उतारा कमी पडला की मालात काही भेसळ आहे का, असा संशय घेतात. कारण पुष्कळदा दाणा भरण्याच्या दिवसांतल्या उन्हात असतं.

त्याचबरोबर तेलाची घडणही बदलते. आपल्या तेलबियांच्या तेलात दोन स्निग्धाम्लं मुख्य असतात, ओलिक आणि लिनोलिक. झाड आधी ओलिक बनवतं आणि मग एक एन्झाइम त्यातल्या काहींचं लिनोलिकमध्ये रूपांतर करतं. हे एन्झाइम गार हवेत जोमानं चालतं आणि उष्णतेत मंदावतं. त्यामुळं उन्हात भरलेल्या दाण्यात ओलिक जास्त राहतं आणि लिनोलिक कमी. सूर्यफुलाच्या जुन्या वाणांत हा फरक फार ठळक दिसतो. थंड हवेत भरलेल्या दाण्याच्या तेलात लिनोलिक ७० टक्क्यांच्या आसपास जातं, तर उष्ण हवेत ओलिकच निम्म्यावर येतं. तेच वाण, तेच बी.

हे वाईट की चांगलं? ओलिक जास्त असलेलं तेल लवकर खवट होत नाही, तळणाला टिकतं, असे दाणेही जास्त दिवस चांगले राहतात. गिरनार ४ आणि गिरनार ५ हे भुईमुगाचे वाण २०२० मध्ये आले, त्यांच्या तेलात ८० टक्क्यांच्या आसपास ओलिक असतं आणि ते मुद्दाम तसे घडवलेले आहेत. उन्हानं ओलिक थोडं वाढलं म्हणून मात्र आनंद मानायचं कारण नाही. किती वाढलं हे शेतकऱ्याला कळत नाही, त्याचा दर कुणी देत नाही, आणि त्या बदल्यात तेलाचं एकूण प्रमाण आणि वजन दोन्ही गेलेलं असतं.

खाणाऱ्याच्या ताटापर्यंत जाणारा धोका

भुईमुगाच्या बाबतीत एक गोष्ट उताऱ्याहून गंभीर आहे: अफ्लाटॉक्सिन. अस्परजिलस फ्लेवस ही बुरशी बहुतेक सगळ्या मातीत असते. झाड पाण्यानं पोसलेलं असतं तोवर शेंगेतला ओला दाणा बुरशीविरोधी द्रव्यं बनवून तिला थोपवतो. शेवटच्या चार-सहा आठवड्यांत रान सुकलं, शेंगेभोवतीची माती २६ ते ३१ अंशांच्या दरम्यान तापून राहिली, की दाण्यातली ओल उतरते, ती द्रव्यं बनायची थांबतात आणि बुरशी आत शिरते. तिनं सोडलेलं विष यकृताला घातक आहे आणि कर्करोगाला कारण ठरतं. भाजून किंवा शिजवून ते पुरतं जात नाही.

भारतात प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला फक्त ४ मायक्रोग्रॅमची. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, यावरून प्रमाण किती सूक्ष्म आहे ते कळेल. लाकडी घाण्याच्या तेलात यातला काही भाग उतरू शकतो, बहुतेक पेंडीत राहतो, आणि ती पेंड खाणाऱ्या गाई-म्हशींच्या दुधातही त्याचा अंश येतो. म्हणून काढणीच्या आधीचं पाणी "आता काय, झालंच पीक" म्हणून तोडू नये. काढताना फुटलेल्या, भोक पडलेल्या, काळपट शेंगा जागच्या जागी वेगळ्या काढाव्यात. शेंगा आठ टक्के ओलीपर्यंत वाळवाव्यात. मुठीत घेऊन हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. मे अखेरच्या वळिवात भिजलेल्या शेंगांचा ढीग ताडपत्रीखाली तसाच दाबून ठेवणं हे सगळ्यांत धोक्याचं आहे. घरात खायला ठेवायचे दाणे एकदा हातानं निवडून घ्या. बुरसटलेला किंवा कडू दाणा गुरांनाही घालू नका.

थंडीतली करडई

जत, आटपाडी, माण, खटाव, फलटण भागाला करडई नवी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या पिकावर अनेक वर्षं काम केलं आहे. बिनकाट्याचा नारी-६ हा वाण तिथलाच. करडईचं मूळ काळ्या रानात खोलवर जाऊन ओल शोधतं, म्हणून पाण्याचा ताण ती बऱ्यापैकी सोसते. ऊन सोसण्याची तिची पद्धत मात्र वेगळी आहे: उन्हाळा यायच्या आत मोकळं होणं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली करडई थंडीत फुलून दाणा भरते. नोव्हेंबरवर गेली तर दाणा भरायला फेब्रुवारीचा उत्तरार्ध उजाडतो, आणि आता फेब्रुवारीचा भरवसा राहिलेला नाही. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानात देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण होता, आणि त्याआधीच्याच वर्षी, २०२२ मध्ये, मार्चनं तोच विक्रम केला होता. उशिराच्या करडईवर मावा या रस शोषणाऱ्या किडीचाही जोर जास्त असतो. पहाटेच्या दवात काटे मऊ पडतात म्हणून करडई काढायला बायामाणसं भल्या पहाटे रानात उतरतात. एवढ्या कष्टाचं पीक, आणि त्याचा उतारा पेरणीच्या पंधरा दिवसांवर ठरावा, हे चटका लावतं.

सूर्यफूल या भागात आता फारच कमी उरलं आहे. उष्णतेत त्याचे पराग निकामी होतातच, शिवाय उन्हाच्या वेळी मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून चकतीच्या मधल्या भागात फोलपटं राहतात. सकाळी सात ते अकराच्या दरम्यान, एक दिवसाआड, तळहाताला मऊ कापड गुंडाळून चकतीवर अलगद फिरवलं तर दाणे भरायला मदत होते. कीटकनाशकाची फवारणी फुलोऱ्यात टाळावी, आणि अगदी करायचीच वेळ आली तर संध्याकाळी.

कुठलं वाण, कुठलं बियाणं

मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रज इथं महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया हे सोयाबीनचे वाण तिथूनच आले, आणि केडीएस या अक्षरांनी ते बाजारात ओळखले जातात. त्यांची मोठी ख्याती तांबेरा रोगाला तोंड देण्यासाठी आहे. फुले संगमसारखा वाण पक्व व्हायला जास्त दिवस घेतो. काळ्या रानात, पाण्याची सोय असेल तिथं तो भरघोस येतो. पूर्व भागातल्या हलक्या, कोरडवाहू रानात मात्र लवकर निघणारा वाण बरा, कारण परतीच्या पावसाआधीचं ऊन चढेपर्यंत त्याचा दाणा भरून झालेला असतो. शेजाऱ्याला वाळव्यात किंवा कराडमध्ये एकरी किती झालं यावरून जतमध्ये वाण निवडू नये.

सोयाबीनच्या उन्हाळी बीजोत्पादनाकडं गेल्या काही वर्षांत बरेच शेतकरी वळले आहेत. तिथं तर उन्हाचा हिशेब दुप्पट काटेकोर लागतो. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पेर झाली पाहिजे. फेब्रुवारीत पेरलेल्या सोयाबीनचा दाणा भर एप्रिलमध्ये भरतो, बारीक आणि सुरकुतलेला निघतो, आणि उगवण मार खाते. कारण बियाण्यातला अंकुर घडायचा तो याच काळात घडतो, आणि उन्हात घडलेला अंकुर कमजोर राहतो. दिसायला ते बी ठीकठाक असतं. पोतं उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ठेवलं असेल तर उरलीसुरली ताकदही जाते.

म्हणून घरचं बी असो की विकतचं, जूनमध्ये पेरणीआधी उगवण तपासून घ्याच. पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून, न निवडता, शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. आठवड्याभरानं उघडून निरोगी कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो बी पुरतं. साठ असतील तर पस्तीस किलो लागेल. पन्नासच्या खाली असतील तर ते बी पेरणीला न वापरता तेलाला किंवा खाद्याला विका, आणि पेरणीसाठी दुसरं शोधा, पाऊस पडायच्या आत.